तीनला काहीच होत नाही

"ताई, आणखी एक भोक पाड म्हणालीस ना, तर हे टेबल राहायचं नाही, चाळण होईल. मग पीठ चाळत बस."

भावाची कुरकुर टेबलाखालून आली. तो सुतार. उताणा पडलेला, ओठांत दोन स्क्रू, त्यामुळे पुढची शिवी अर्धीच बाहेर पडली. मी वर तारा धरून बसले होते.

हे काम मला कुणी शिकवलेलं नाही. शिलाई मशीनची मोटर दुरुस्त करता करता आधी बोटं भाजली, मग अक्कल आली. आता एका प्रदर्शनाच्या दालनाने हाताने अनुभवायची वस्तू मागितली होती. "आमच्या सगळ्या पाट्या 'हात लावू नये' सांगतात, तुमची एकटीची 'हात लावावा'," असं तिथल्या व्यवस्थापकबाई पहिल्याच दिवशी हसून म्हणाल्या होत्या.

वस्तू म्हणजे जेवणाचं टेबल. हे सुचलं बाबांमुळे. छापखान्यातल्या यंत्रांनी बाबांचे कान चाळिशीतच नेले. आपला आवाज किती चढतो ते त्यांना कळेना, म्हणून ते टेबल वाजवून हाक मारायचे. एक टकटक म्हणजे मी, दोन म्हणजे भाऊ, तीन म्हणजे धाकटी, चार म्हणजे सगळे जेवायला या. आम्ही त्यांना हाक मारायचो ती पाय आपटून. जमीन लाकडी. खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरे बसलेले बाबा लगेच मान वळवायचे. धाकटी तर अशी आपटायची की खालच्या मजल्यावरची माणसं भांडायला वर यायची.

तेच मी या टेबलात भरलं. लाकडाच्या पोटात नाण्याएवढ्या थरथरणाऱ्या चकत्या. एकदा वाजवलं की तळहाताखाली शिलाई मशीन धावतं, दोनदा वाजवलं की रंधा सरकतो, चारदा वाजवलं की ताटं, पेले, ओढलेल्या खुर्च्या, सगळी झुंबड एकदम अंगावर येते. आवाज कानाला, थरथर हाताला.

तीनचं मी काही केलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी धाकटीने बाबांसाठी कानाचं यंत्र आणलं. त्यांनी ते खणात टाकलं. ती भडकली, तेही भडकले. "पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस," म्हणाले. तिने घराची किल्ली टेबलावर आपटली आणि गेली. आठ दिवसांनी भर दुपारी ती परत आली. घरात बाबा एकटेच होते, दाराजवळच्या त्यांच्या खुर्चीत. तिने दार वाजवलं, वाट पाहिली, आणि उतरून गेली. एवढं शेजारीणबाईंनी पाहिलं. पुढच्या चौकात तिला गाडीने उडवलं.

सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही एकच सांगत आलो. बाबांना ऐकू येत नाही हो, त्यांना कसं कळणार? सांगून सांगून ते वाक्य गुळगुळीत झालं. एकदा मी ते पाहुण्यांना सांगितलं, आणि पाठोपाठ पाय आपटून बाबांना चहाला बोलावलं. ते वळले. माझं तोंड तसंच उघडं राहिलं. भावाने माझ्याकडे पाहिलं आणि बिस्किटांची बशी पुढे केली. त्यावर आम्ही आजवर बोललो नाही. म्हाताऱ्याच्या हातात तेवढं एकच वाक्य उरलं होतं. ते कोण काढून घेणार?

आणि मी शहाणी, नेमकी हीच गोष्ट टेबलात कोरून ठेवत होते, की बहिऱ्या माणसालाही कळतं.

आज चाचणी होती. बाबांना घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून सोबत आणलेलं. त्यांना मुद्दाम लांब, जाड गालिच्यावरच्या खुर्चीत बसवलं होतं.

व्यवस्थापकबाईंनी एकदा वाजवलं, दोनदा वाजवलं. चारला तर त्या दचकून हसल्या. मग तीन.

"तीनला काहीच होत नाही. बिघाड आहे का?"

टेबलाखालचा स्क्रूड्रायव्हर थांबला.

"तार सुटली असेल," मी म्हणाले.

"लाकडात दोष असेल," भाऊ खालून म्हणाला. वीस वर्षांत त्याने स्वतःच्या लाकडात दोष असल्याचं पहिल्यांदा कबूल केलं.

बाई स्वभावाने चांगल्या. "आजोबांना दाखवूया की!" म्हणून मी उठायच्या आत बाबांना हाताला धरून घेऊन आल्या.

बाबांनी डावा तळहात टेबलावर पसरला आणि उजव्या हाताने एकदा वाजवलं. "थोरली," ते हसले. दोनदा वाजवलं. "आणि हा आमचा कुरकुऱ्या." भाऊ एव्हाना खालून बाहेर येऊन उभा होता, केसांत भुसा.

मग बाबांनी तीनदा वाजवलं. तळहात तसाच ठेवून थांबले. पुन्हा तीनदा वाजवलं.

"चुकलं माझं, बाबा," मी त्यांच्यासमोर जाऊन ओठ सावकाश हलवत म्हणाले. "घालायचं राहून गेलं."

"राहिलं नाही. तू घातलं नाहीस."

"बाबा, चला आता," भाऊ म्हणाला. "कशाला उगाच त्रास करून घेता? तुम्हाला कुठे काही ऐकू..." आणि स्वतःच अडखळला.

बाबांनी त्याचे ओठ वाचले. आवाज किती मोठा होतोय याची त्यांना कल्पना नसते. दालनभर ऐकू गेलं.

"ऐकू येत नाही. पण कळतं. तिने तीनदा वाजवलं. खुर्चीच्या पायातून वर आलं, पाठीपर्यंत आलं. तीच आहे, हे मला कळलं होतं. मी उठलो नाही."