देवाला चपला चावल्या

वेतोबाच्या चपला वर्षभरात झिजायलाच हव्यात. रोज रात्री शिवेवरून फिरून गावाची राखण करणारा देव तो. जत्रेला देवाच्या पायाशी ठेवलेला जुना जोड काढला की तळाची चाळण झालेली दिसायची आणि गाव निर्धास्त व्हायचं.

यंदा तळ कोरा करकरीत निघाला.

"देव फिराक गेलोच नाय!" तातू गावकर ओरडले. "म्हणान माझ्या शेतात डुकरां नाचतत!"

झिलूने जोड उचलून तळ उलटसुलट पाहिला. चपला करायचा मान त्याच्या घराण्याचा, आणि बाप गेल्यावर त्याने केलेला हा पहिलाच जोड. हातभर लांब, तान्हं मूल निजेल एवढा. त्यात तातू कधीपासून म्हणत होते, कुडाळच्या दुकानातून आणू, रबरी तळाचा.

गुरवाने देवाच्या अंगाला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी तर नाही.

"देवा म्हाराजा, रागावलंस?" डावी.

"आळस इलो?" एकही हलेना. देवाला प्रश्न लागला असावा.

"चपला चावतत काय, ता इचारा," मागून झिलूची आई म्हणाली.

उजवी टपकन पडली.

"आये!" झिलू कळवळला.

"मगे? सांगी होतंय तुका, चामड्याक तेल पाज म्हणान!"

"दुकानातलो जोड—" तातूंनी सुरुवात केली.

"नवी चपल चावताच!" झिलू घाईने म्हणाला. "कोणीतरी घालून मऊ करूक व्हयी. कोणी, ता देवाकच इचारा."

झिलूने? डावी. गुरवाने? डावी. तातू गावकरांनी? उजवी, आणि तिच्यामागोमाग आख्खा हार.

मग काय, रोज संध्याकाळी तातू शिवेवरून फटाक् फटाक् करत फिरू लागले. त्या आवाजाने डुकरांनी तालुका सोडला. तातूंच्या टाचांना फोड आले. पुढे चपला लोण्यासारख्या झाल्या, तेव्हा झिलूने नवा तळ ठोकून त्या देवाच्या पायाशी ठेवल्या.

पुढच्या जत्रेला काढल्या, तर तळ पुन्हा कोरा.

"अजून चावतत?" डावी.

गुरव खाकरला. "म्हणजे... तातूच बरे फिरतत, असा म्हणणा आसा?"

उजवी.

झिलू मापाची दोरी घेऊन खाली बसला. "तातानू, पाय फुडे करा."

तातूंनी पाय पुढे केला. हळूच म्हणाले, "तळ रबरी घालशीत रे?"

"मानाचो जोड तो, तातानू. चामड्याचोच होतलो." झिलूने दोरी टाचेवरून ओढली. "पयलो चावतलो. मगे बसतलो."