निरोगी माणसाची खूण

तापमापकावर दोन खुणा लागतात. खालची खूण नळी बर्फात बुडवून करायची, वरची ती निरोगी माणसाच्या काखेत ठेवून. उष्णता हा एक पातळ रस आहे आणि प्रत्येक निरोगी देहात तो सारखाच भरलेला असतो, असं तेव्हाचे शहाणे सांगत. आमचा दादा तापमापक बनवायचा, आणि त्याचा यावर पूर्ण विश्वास. आई होती तोवर वरची खूण तिच्या काखेत व्हायची. आई गेल्यावर दादाचं लग्न झालं आणि हे काम वहिनीकडे आलं.

वहिनीचे हात कायम गरम. थंडीत मी तिला चिकटून बसायचे, "आमची शेगडी" म्हणून चिडवायचे. पुढे ती खोकायला लागली, वाळत चालली. मला काळजी वाटायची, पण दादा तिच्या काखेत नळी धरायचा आणि पारा बरोबर खुणेवर यायचा.

"बघ, काही नाही तुला," तो म्हणायचा.

मग एक डॉक्टर तक्रार घेऊन आले. "अहो, तुमच्या तापमापकावर माझी धडधाकट माणसंसुद्धा खुणेच्या खाली दिसतात."

"तुमची माणसंच गारठलेली असतील," दादा फणकारला.

ते गेल्यावर मी गंमत म्हणून नळी काखेत धरली. पारा खुणेच्या खाली. दादाचाही खालीच. आम्ही दोघं हसलो, आणि हसता हसता दादाचा चेहरा उतरला. त्याने फळीवरून आईच्या वेळची नळी काढली. माझ्या काखेत पारा बरोबर खुणेवर आला. वहिनीच्या काखेत बोटभर वर चढला.

"अहो, किती आहे?" तिने विचारलं.

तिला ताप होता. किती दिवसांचा, देव जाणे. आणि आम्ही मेले शहाणे तिचा तापच निरोगी माणसाचं माप म्हणून गावभर विकत होतो.

डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं गेलीत, फार उशीर झाला. दादा तिच्या उशाशी बसून राहिला.

"मी रोज बघत होतो गं," एवढंच म्हणायचा.

"बघत होतात ना, मग झालं," ती म्हणायची.

ती गेली त्या दुपारी आईची नळी तिच्या काखेतच होती. दादा काढू देईना. पारा उतरत होता. उतरता उतरता तो आईच्या खुणेवर आला.

"बघ," दादा तिला म्हणाला, "आता काही नाही तुला."

पारा तिथं थांबला नाही. मी नळी काढून घेतली.