मोरणीचं बूच

पौषाची अवस. पहाटेची ओहोटी दूर सरलेली, सोनवडीचा किनारा धुक्याच्या धवल धाग्यांत गुंडाळलेला. पूर्वेला केशरकोवळा उजेड, पश्चिमेला शिसवी सागर. आणि दोहोंच्या मधोमध, कासवी नावाच्या काळ्याभोर खडकावर, मोरणी कलंडून पडलेली.

मोरणी हे वाघू तांडेलाचं गलबत. फणसाच्या फळ्यांचं, पिवळ्या पोटाचं, पुढच्या टोकाला, नाळेवर, मोराची मान कोरलेलं. सोनवडीच्या दर्यावर्दी गाबितांच्या चुली त्याच्या शिडावर पेटायच्या, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको.

मागल्या महिन्यात फिरंग्यांनी मोरणी भर दर्यात धरली. त्यांचा परवाना घेतल्याशिवाय शीड उभारायचं नाही, असा त्यांचा कायदा. समुद्र त्यांना कुणी आंदण दिला होता, ते समुद्रालाच ठाऊक. वाघूला त्यांनी त्याच्याच सुकाणूशी बसवलं आणि मोरणीच्या पोटात साखर भरली. ती साखरही त्यांची नव्हे. कुठल्याशा दूरच्या बेटावर, विकत आणलेल्या माणसांच्या घामावर पिकलेली, वलंदेजांच्या, म्हणजे डचांच्या, जहाजातून लुटलेली. चोरावर मोर म्हणतात तो असा.

काल सांजवेळी, सिंदूरसांडल्या पाण्यावर, गोव्याच्या वाटेला सोनवडीचे माड दिसले. आणि वाघूने मोरणी कासवीवर चढवली. लहानपणी ज्या खडकावरून त्याने कालवं फोडली, तो खडक त्याला चुकून लागेल हे खुद्द कासवीही मानणार नाही. फिरंगी पहारेकरी छोट्या होडीत उड्या टाकून पळाले. वाघूच्या मांडीवर मात्र शिडाची आडवी काठी, परबाण, कोसळली, आणि गावाने त्याला उचलून घरी आणलं.

आता तो खाटेवर तापाने फणफणत होता. खाटेवरून दार दिसायचं, दारातून दोन माड, आणि माडांच्या फटीतून मोरणीच्या डोलकाठीचं टोक. तिरकं. निश्चल. बायको जाखू त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवी, आणि तो पट्टीखालून ते टोक पाही.

उजाडता उजाडता किल्ल्यावरून दमाजी हवालदार उतरला. फुटल्या गलबताची या किनाऱ्यावर जुनी वहिवाट होती: माल किल्ल्याचा, लाकूड गावाचं. आयत्या बिळावर नागोबा खरा, पण आपल्या मुलखातला नागोबा. त्याने गावातल्या होड्या जुंपल्या. भरतीआधी साखर किनाऱ्याला लागलीच पाहिजे, म्हणाला. माणसं पोती ओढू लागली. पोती ओली, पोती जड, आणि पोती पोटभर.

जाखूने किनाऱ्यावरून मोरणीकडे पाहिलं. रात्रीच्या भरतीने गलबत उचललं नव्हतं, नुसतं आपटलं होतं. दुपारचं उधाण अवसेचं, त्याहून दांडगं. एवढं ओझं पोटात घेऊन आपटली, तर मोरणीचा कणा मोडेल.

उपाय साऱ्या गावाला माहीत होता, म्हणून कुणी तो बोलत नव्हतं. गलबताच्या तळाचं बूच काढायचं. पाणी आत आलं की गलबत खडकावर गप्प बसतं, आपटत नाही. साखर विरघळते, ओहोटीबरोबर वाहून जाते. मग बूच पुन्हा ठोकायचं, आणि पुढची भरती रिकाम्या मोरणीला अलगद उचलते.

पण बूच तांडेलणीचं, तांडेलाच्या बायकोचं. नवं गलबत पाण्यात जाताना हळदकुंकू वाहून ते ती ठोकते, आणि पावसाळ्यापूर्वी, कोरड्या वाळूवर, तिनेच काढायचं. दर्यात बूच निघालं तर त्यातून तांडेलाचा श्वास जातो. असे गेलेले तांडेल म्हाताऱ्या बायांना नावानिशी तोंडपाठ होते.

जाखू घरी आली. खाटेपाशी बसली.

“दर्यात बूच काढूचा नाय म्हणतत,” ती म्हणाली.

“म्हणतत,” वाघू म्हणाला.

“तुमका काय झाला तर?”

त्याने दारातून दिसणारं ते तिरकं टोक पाहिलं. “मी तिका हयसर आणलंय, ता मोडूक न्हय. काढ तू.”

इतक्या सहज म्हणाला, की जाखूला त्याचा राग आला. रागातच तिने हातोडी घेतली. भीती होती ती रागाच्या मागे मागे आली. कासवीवरच्या शेवाळलेल्या, शिंपलेजडित वाटेने ती गेली. मोरणीच्या पोटाखाली ओणवी झाली. बुचावर तिच्याच हाताचं कुंकू अजून फिकटफिकट होतं. तिने कुलदेवीचं नाव घेतलं, नवऱ्याचं घेतलं नाही, आणि ठोका घातला.

भरती आली. निळीसावळी, फेनफुलांची, फुत्कारणारी. मोरणीच्या आतून माणसं ओरडली, पाणी शिरलं म्हणून, आणि होड्यांत उतरली.

“बूच कुणी काढलं?” किनाऱ्यावरून दमाजीने विचारलं.

“मी,” जाखू म्हणाली.

“साखर गेली की, बाई.”

“दर्यान न्हेल्यान. दर्याक विचारा.”

दमाजीने जेवढी पोती वाळूवर आली होती तेवढ्यांकडे पाहिलं, मग पाण्याकडे. 

दुपार उकळली. लाट आली, फुटली, परतली. मोरणी हलली नाही. लाट आली, फुटली, परतली. मोरणी हलली नाही. तिच्या पोटात साखर विरघळत राहिली, कुणाच्या तरी दूरच्या बेटावरच्या घामासकट.

सांजेला पाणी ओसरलं, तशी बुचाच्या भोकातून तांबूस, दाट, मंद धार सुटली. जाखू तिच्याखाली उभी राहिली, केसांपासून टाचांपर्यंत गोड भिजली. धार आटली तेव्हा तिने बूच बसवलं, आणि हात भरून येईतो ठोकलं. घरी आली तर वाघूचं अंग निखारा. रात्रभर ती त्याच्या नाकाशी बोटं धरून बसली.

सकाळी, भरती चढत असताना, दमाजी अंगणात आला. कुंपणावर जाखूचं लुगडं वाळून ताठ झालं होतं आणि त्यावर मुंग्यांची रांग लागली होती.

“सरकारची साखर?” त्याने विचारलं.

जाखूने लुगडं उतरवलं आणि त्याच्या पायांशी पसरलं. “ही उरली. न्हेवा.”

दमाजी वाकला. काठाला लागलेला एक कण त्याने नखाने काढून जिभेवर ठेवला. बराच वेळ चघळला.

“खारट आहे,” तो म्हणाला, आणि किल्ल्याची वाट चालू लागला.

जाखू आत वळली. वाघूच्या कपाळावर घाम फुटला होता. थंड, टपोरा, जिवंत घाम. त्याचे डोळे दाराकडे लागले होते. तिने पाहिलं.

दोन माडांच्या फटीत डोलकाठीचं टोक सरळ उभं होतं. आणि हलत होतं. एका माडाकडे झुकत होतं, दुसऱ्या माडाकडे झुकत होतं. हळू, हलकं, पाण्याच्या श्वासावर.