चौथी अट

शनिवारची सकाळ. पोह्यांवर शेव पेरून झाली होती, पण विष्णू मुळ्ये सरांच्या घशाखाली घास काही उतरेना. शुभदाकाकूंनी एकदा विचारून पाहिलं आणि नाद सोडला. व्याख्यानाच्या आदल्या दिवशी हा माणूस पोहे खात नाही, पोह्यांना विषय समजावून सांगतो, हे चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना कळून चुकलं होतं.

व्याख्यान उद्या सकाळी होतं, मराठी मंडळाच्या मंगल कार्यालयात. विषय, 'आयातशुल्क शेवटी भरतो कोण?' सर अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. इंदूरजवळच्या राऊ गावातल्या कॉलेजात तीस वर्षं त्यांनी घसा कोरडा पडेपर्यंत एकच गोष्ट सांगितली, की सरकारनं बाजारात लुडबुड करू नये आणि काय घ्यायचं ते गिऱ्हाइकाला ठरवू द्यावं. अमेरिकेनं आपल्या मालावर शुल्क वाढवल्यापासून तर इंदूरभर सरांना मागणी होती. लोक यूट्यूबवरही त्यांना ऐकायचे.

पण आज टोचत होतं ते व्याख्यान नव्हे. व्याख्यानाच्या कागदांखाली एक अर्ज पडला होता. 'मंगला वाघमारे, महू. पुरणपोळी आणि सणावाराचा स्वयंपाक.' मंडळाच्या मान्यताप्राप्त आचाऱ्यांच्या यादीत आपलं नाव घालावं, एवढीच विनंती. कार्यालयात कुणाचंही कार्य असो, स्वयंपाक यादीतल्या आचाऱ्यानंच करायचा असा मंडळाचा नियम होता. आणि यादीत शिरायचं तर चौथी अट होती: आधीच यादीत असलेल्या दोन आचाऱ्यांची शिफारस आणा. अध्यक्ष मालोजीरावांनी अर्ज पाठवून वर फोन केला होता, "सर, नकार जरा गोड भाषेत लिहून द्या. तुमचा हात चांगला आहे."

हात चांगला होता यात शंकाच नाही. ती चौथी अट आठ वर्षांपूर्वी सरांनीच लिहिली होती. तेव्हाही असाच एक अर्ज आला होता. आडनाव वाचून समितीतले सगळे छताचा पंखा बघायला लागले होते. जातीचं नावही न घेता काम भागेल असं वाक्य सरांनी चहा गार व्हायच्या आत करून दिलं आणि वर मथळा घातला, 'गुणवत्ता नियंत्रण'. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. तेव्हा सरांना ते चातुर्य वाटलं होतं.

दहाच्या सुमारास बेल वाजली. दारात हातात हेल्मेट घेतलेली, चाळिशीची एक बाई उभी होती.

"नमस्कार सर. मी मंगला वाघमारे, महूवरून आले. अर्जाचं काय झालं, विचारायचं होतं."

सरांनी बसायला सांगितलं. काकूंनी चहा टाकला.

"तुम्ही शिफारशी जोडल्या नाहीत ना," सर म्हणाले. "दोन लागतात."

"यादीतल्या आठही जणांकडे जाऊन आले, सर. पोळी खाऊन म्हणतात, क्या बात है. मग आडनावावर येतात. मग म्हणतात, देखते हैं." तिनं चहाचा घोट घेतला. "आता सांगा, ज्याची दुकान आधीच लागलीय, तो माझ्यासाठी शटर कशाला उघडेल? हे मी नाही बोलत हं. तुम्हीच बोललेत, यूट्यूबवर. पोळ्या लाटताना मी लावून ठेवते तुम्हाला."

सर उगाच खाकरले. "बरं, नमुना आणलाय का?"

"सँपल कशाला, सर? तुम्ही खाल्लंय की. पक्कं खाल्लंय." ती हसली, पण कधी आणि कुठे ते काही बोलली नाही. "बघा काही जमलं तर. माझ्या नावानं एक तरी ऑर्डर यायला पाहिजे, बस."

ती गेल्यावर काकूंनी कपबशा उचलल्या. "चव बघून ठरवायचं तर यादी कशाला लागते हो?"

"त्याला एक पद्धत असते."

"असते ना. मला ठाऊक आहे ती पद्धत," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. सरांनी दुपारी गोड भाषेत नकार लिहिला, तीनदा खोडला, चौथ्यांदा टाइप करून खिशात ठेवला. त्यानंतर रात्रीपर्यंत ते घरात नुसते येरझाऱ्या घालत होते.

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं, आणि सर बोललेही झकास. "संरक्षण मागणारा कारखानदार 'मला जास्त नफा हवा' असं कधी म्हणत नाही," ते म्हणाले. "तो म्हणतो, बाहेरचा माल हलका असतो, गिऱ्हाइकाला वाचवा. सरकार दारात शुल्काचा नाहीतर शिक्क्याचा अडसर घालतं. पण माल थांबतो का? नाही. तो रस्ता बदलतो. तिसऱ्याच देशातून, तिसऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावून तो तुमच्याच घरात येतो. करणाऱ्याला कमी मिळतं, खाणाऱ्याला जास्त पडतं, आणि मधला गब्बर होतो."

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी विचारलं, "पण सर, हे अडसर घालतं कोण?" सर म्हणाले, "सरकार." पुन्हा टाळ्या.

मग पंगत बसली. पुरणपोळी होती. जायफळ बेताचं, पापुद्रा असा की बोट लावताच सुटावा. "यशवर्धनच्या पोळीला इंदुरात तोड नाही," मालोजीराव शेजारून म्हणाले आणि तिसरी घेतली. यशवर्धन म्हणजे यादीतला पहिला आचारी. सरांना गोळी घ्यायची होती. कोमट पाणी मागायला ते उठून स्वयंपाकघरात गेले.

मागचं फाटक उघडं होतं. बाहेर लोडिंग रिक्षा उभी होती आणि तिच्यातून मंगला वाघमारे पोळ्यांचे डबे उतरवून देत होती. यशवर्धनचा माणूस प्रत्येक डब्यावर त्याच्या नावाचा स्टिकर चिकटवत होता. मंगलानं सरांना पाहिलं. ती दचकली नाही.

"बोलले होते ना, सर," ती म्हणाली. "सँपल."

यशवर्धन हात पुसत पुढे आला. "सर, मनाला लावून घेऊ नका. सगळ्यांना माहीत आहे. अध्यक्षांनाही. आठ वर्षं चाललंय हे. पोळी चालते, सर. नाव नाही चालत."

"तुम्हाला एका पोळीचे किती मिळतात?" सरांनी मंगलाला विचारलं.

"बारा. हे तीस लावतात."

मघाशी ज्या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या ते वाक्य डबे घेऊन समोर उभं होतं. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बरं, रस्ता बदलायला लावणारा अडसर दिल्लीहून आला नव्हता. तो त्यांनीच घातला होता, चहा गार व्हायच्या आत. पाणी न घेताच ते परत फिरले.

पानावर मालोजीराव वाट बघत होते. "सर, तो नकार आणलाय ना? आत्ताच सही करून टाकू."

सरांनी खिशातून कागद काढला आणि उलटा केला. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी लिहिलं, 'चौथी अट मी लिहिली. ती गुणवत्तेसाठी नव्हती आणि हे मला लिहितानाच माहीत होतं. विष्णू मुळ्ये.' अक्षर वाकडं आलं. ते उठले आणि सभागृहाच्या दाराशेजारच्या फलकावर त्यांनी तो कागद टाचला.

मालोजीराव मागोमाग आले. आवाज खाली आणून म्हणाले, "सर, सत्तरी उलटली तुमची. आता कशाला हे?"

"उशीर झालाच आहे," सर म्हणाले. "आणखी नको."

सोमवारी कागद फलकावर नव्हता. सरांनी दुसरा लावला. बुधवारी तोही गेला. सर तिसरा लिहायला बसले, तेवढ्यात मंगला आली. तिच्याकडे बातमी होती. कागदाचा बोभाटा होताच यशवर्धननं तिच्याकडच्या पोळ्या बंद केल्या होत्या.

"सर, तुम्ही चांगलं केलं," ती म्हणाली, "पण कागद चिकटवून पोळी नाही विकली जात. लोक वाचतात आणि जेवायला जातात." मग तिनं विचारलं, "तुमच्या घरी कार्य कधी आहे?"

नातवाची, वेदांतची मुंज एप्रिलात होती. कार्यालय ठरलेलं, यशवर्धनला विसार दिलेला. पुण्याचे व्याही येणार होते, गुरुजी होते, सोवळ्यातलं मातृभोजन होतं. कागद टाचणं सोपं होतं हे सरांना त्या क्षणी कळलं. साऱ्या जगाच्या अडसरांवर तीस वर्षं बोललेल्या माणसाला स्वतःच्या दाराची कडी काढताना शब्द सापडेना. पीयूष, त्यांचा मुलगा, काय म्हणेल?

"सव्वीस एप्रिल, रविवार," आतून आवाज आला. शुभदाकाकू ओले हात पदराला पुसत दारात आल्या. "दोनशे पानं. कार्यालय नाही म्हणालं तर गच्चीवर मांडव घालू. आणि हे बघा मंगलाताई, डबे पुढच्या दारानं आणायचे."

"अगं, पण पीयूष..."

"पीयूष पोळी खाईल. आठ वर्षं खातोच आहे."

मंगला सरांकडे बघत राहिली. तिला काकूंचं नाही, सरांचं उत्तर हवं होतं. सरांनी चष्मा लावला, पत्रिकेचा कच्चा मसुदा ओढला आणि तळाशी लिहिलं, 'भोजन:'. मग मान वर केली.

"नाव सांगा. आडनावासकट."

"माहीत आहे की तुम्हाला, सर."

"माहीत आहे. तरी तुम्ही सांगा."

तिनं सावकाश सांगितलं. सरांनी लिहून घेतलं, आणि यावेळी अक्षर वाकडं आलं नाही.

पत्रिका छापून आल्या आहेत, वाटूनही झाल्या आहेत. पुण्याहून अजून उत्तर नाही. मंडळातल्या बऱ्याच जणांना त्याच रविवारी नेमकं बाहेरगावी काम निघालं आहे. काकूंनी मात्र पानं दोनशेच ठेवली आहेत. पहिली पत्रिका द्यायला सर स्वतः मालोजीरावांकडे गेले होते. पोळी त्यांना आवडते.