कोण आधी दमतं

सर्व्हर हरला ह्याचं श्रीरंजनीला फारसं आश्चर्य वाटलं नाही, आणि वाईट वाटलं ते ह्याचंच.

चेन्नईत, गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत देवेशचा कारखाना होता. पंपांचे भाग ओतायचे साचे तिथे तयार होत. ओतलेला धातू साच्यात कुठे आधी थंड होईल, कुठे भेग पडेल, ह्याचं गणित अगोदर संगणकावर करून बघायचं. ती गणितं चालवणारा सर्व्हर आतल्या थंड खोलीत उभा असे, आणि ती खोली देवेशच्या वडिलांच्या काळापासून श्रीरंजनी सांभाळत आली होती. मशीनं बदलत गेली, ती तिथेच राहिली. केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, एवढंच.

आता देवेशच्या मनात आलं होतं की सर्व्हर काढून टाकावा आणि डिझाइन करणाऱ्या मुलांच्या हातात चांगले लॅपटॉप द्यावेत. "अक्का, नव्या लॅपटॉपचा प्रोसेसर आपल्या सर्व्हरला भारी पडतो म्हणतात," तो म्हणाला होता. "तुम्हीच दोघांना एकच काम देऊन बघा. तुम्ही सांगाल तसं करू." आणि मग दुसरीकडे बघत, "खोली बंद झालीच तर आपल्या एन्नोरच्या गोदामात माणूस हवाच आहे."

एन्नोर. नुंगंबाक्कमच्या घरातून उजाडायच्या आत निघायचं, लोकल धरायची, मग बस, मग राखेनं माखलेल्या रस्त्यानं पायी. आणि संध्याकाळी तेच सगळं उलटं. निवृत्ती अजून लांब होती. नुसत्या विचारानंच तिच्या पोटऱ्या भरून आल्या.

तरी परीक्षा तिनं सरळ मनानं लावली. लहान गणितात लॅपटॉप जिंकणार हे तिला ठाऊक होतं. त्याचा प्रोसेसर ताज्या दमाचा. छोटं काम तो दोन उड्यांत संपवायचा. पण मोठं, दिवसभर चालणारं गणित दिलं की तो पातळ डबा तापतो, आणि आतून जळू नये म्हणून आपला वेग आपणच उतरवतो. सर्व्हरच्या प्रोसेसरला तशी घाई नसते. त्याच्यात कोअर पुष्कळ, म्हणजे जड वस्तू अनेक गड्यांनी मिळून ओढावी तसं त्याचं काम. शिवाय मोठाले पंखे. सकाळी ज्या चालीनं निघाला त्याच चालीनं संध्याकाळी पोचायचा. मोठ्या गणितात तो आपली लाज राखील, अशी तिची भिस्त होती.

तर तो तिथेही हरला.

दमला बिचारा, तिनं मनाशी म्हटलं. वय झालं. पुढे काही तपासावं असं तिला वाटलंच नाही. इतकं ते तिला ओळखीचं वाटलं.

शुक्रवारी देवेशची आजी, विशालाक्षी अम्मा, कारखान्यातल्या देवापुढे दिवा लावायला आल्या. ऐंशी उलटलेल्या, तंजावरच्या माहेरची मराठी अजून जशीच्या तशी तोंडात. दिवा लावून त्या थंड खोलीच्या दारात टेकल्या.

"हे कां ग ओरडतंय असं, रंजनी? मिक्सीवाणी?"

"म्हातारं झालंय, अम्मा."

"म्हातारी मीही आहे की. मी ओरडतें वे?"

"ते देवेशला विचारा."

अम्मा खुदकन हसल्या. मग त्यांची नजर सर्व्हरवर गेली. "माझी माळ बघ कशी झाली. पापड झाला अस्का, सगळ्या माळेचा. त्याच दिवशी घरीं फ्रिजला बांधली, ती अजून टवटवीत आहे."

आयुधपूजेला कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांना विसावा देऊन गंध, कुंकू, फुलं वाहायची, आणि सर्व्हरची माळ अम्मांनीच बांधायची, असा रिवाज होता. माळ कुणी काढायची नाही; आपसूक गळेपर्यंत राहू द्यायची. दरवर्षी ती मशीनच्या माथ्यावरून सोडलेली असे. यंदा अम्मांचा हात वर पोचला नाही, म्हणून त्यांनी ती खाली, समोरच्या जाळीवर दाटून बांधली होती.

श्रीरंजनी वाकून बघू लागली. शेवंतीच्या पाकळ्या जाळीच्या भोकाभोकांत आत ओढल्या गेल्या होत्या. गार हवा आत घ्यायची ती हीच जाळी. सर्व्हर पूजेपासून तीन दिवस तोंड दाबलेल्या माणसासारखा धापा टाकत होता, तापून वेग उतरवत होता, आणि ती त्याला म्हातारा ठरवून मोकळी झाली होती.

"अम्मा, माळ काढावी लागेल."

"गळायच्या आधीं काढूं नये ग."

"त्याला श्वास घेता येत नाहीये."

अम्मांनी मान वळवून जाळीकडे पाहिलं. "मग आधीं सांगायचंस नव्हे? काढ. देवाशीं मी बोलून घेतें."

माळ निघाली, जाळी पुसली, आणि पंख्यांचा आवाज हळूहळू खाली उतरला. श्रीरंजनीनं तेच मोठं गणित दोघांनाही पुन्हा दिलं. शनिवारी संध्याकाळी निकाल आला तेव्हा लॅपटॉप पार मागे पडला होता.

देवेशनं उभ्याउभ्याच दोन्ही आकडे पाहिले. "म्हणजे लहान कामात तो, मोठ्यात हा. राहू दे तर खोली. मलाही बरं वाटलं, अक्का. आजीनं माझं डोकं खाल्लं असतं."

तिनं नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. आकडे खरेच होते. एन्नोर टळलं होतं.

"मोठं गणित मी कुठलं दिलं, ते विचारलं नाहीस," ती म्हणाली.

"कुठलं?"

"तुझ्या वडिलांच्या वेळचं. वीजकेंद्राच्या झडपेचं."

माणूस आत उभा राहील एवढी ती झडप. तिचं गणित चाललं होतं तेव्हा अख्खा कारखाना अडून बसला होता. देवेशचे वडील येऊन दारातून डोकावत, काही न विचारता परत जात. पायरीवर बसून सगळ्यांनी एका डब्यातला चिंचेचा भात खाल्ला होता. गणित पुरं झालं तेव्हा ओतशाळेतल्या लोकांनी आत येऊन तिला काय विचारलं, कोण हसलं, हेही तिला अजून आठवत होतं. मोठं गणित म्हटल्यावर तिचा हात आपोआप त्याच फाइलवर गेला होता. दुसरं मोठं असं तिथे होतंच कुठे?

"तसं काम परत आलंय आपल्याकडे?" तिनं विचारलं.

"नाही." देवेश खुर्ची ओढून बसला. "यायचंही नाही. आता बोअरवेलच्या पंपांवरच चाललंय."

"त्याला लॅपटॉप पुरे. पुरून उरेल."

त्यानं खुर्ची तिच्याकडे वळवली. "हे सांगून तुमचं काय होणार, ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे. पण एन्नोरला मी जायची नाही, देवेश." हे तिनं ठरवलेलं नव्हतं, बोलून झाल्यावर तिला कळलं. "माझ्याच्यानं नाही व्हायचं आता. मला मोकळी कर."

"घरी बसून काय करणार, अक्का?"

"आधी झोपणार. मग बघू."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. "मग सर्व्हर कसा बंद करायचा, आधी काय, मागून काय, तेवढं दाखवून ठेवा," तो म्हणाला.

ती उठायला म्हणून टेबलावर हात टेकवून अर्धी उभी राहिली, आणि पुन्हा खाली बसली.

"सोमवारी दाखवते," ती म्हणाली. "आज नको."