हातमोज्यांशिवाय हात लावू नये

सगळी गल्ली त्या माणसाला ऍडमिरल म्हणायची, आणि त्याला वाटायचं हा आपला मान आहे. जन्मभर विम्याच्या कचेरीत बसून लोकांचे दावे नामंजूर करत आलेला गृहस्थ. जहाजावर कधी पाय ठेवला नव्हता, आणि एकदा बागेतल्या तळ्यात नातवाबरोबर होडीत बसला तर काठावर येईपर्यंत ओकत होता. पण निवृत्त झाल्यापासून नौदलाची टोपी घातल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे. दूध आणायला जातानासुद्धा टोपी.

अशा माणसाच्या दारात उभं राहून गोड बोलायची पाळी धाकटीवर आली होती. बेल दाबतानाच तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

कारण एकच, तिच्या काकाचा कोट आत होता. काका नौदलात पायलट होता. युद्धात जहाजावरून विमान घेऊन उडाला तो उडालाच. समुद्राने ना माणूस परत दिला ना विमान. घरी आली ती त्याची पेटी, आणि पेटीत हा गणवेशाचा कोट. पदकं युद्ध संपल्यावर मागाहून आली, तीही त्याच पेटीत गेली. धाकटीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. काकाला डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता घरात एकच उरलं होतं, ते म्हणजे आत्या, काकाची लहान बहीण.

पेटी ऍडमिरलकडे गेली ती दादामुळे. दादा म्हणजे धाकटीचा सख्खा भाऊ, आणि त्याच्याबद्दल जितकं कमी बोलावं तितकं बरं. ऍडमिरलने त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. काचेच्या कपाटाखाली पितळी पाटी लागेल, पाटीवर ‘यांच्या सौजन्याने’ आणि पुढे दादाचं नाव. एवढंच पुरलं. आत्या दवाखान्यात होती, तेवढ्यात या शहाण्याने पेटी उचलून पोचती केली. वर आत्याला म्हणतो कसा, “घरात ठेवून कसर लागली असती.” पाटी अजून लागायची आहे, आणि आत्या अजून दादाशी बोललेली नाही.

तरी आत्याने कोटाचं नाव काढलं नव्हतं. पण आता तिची नजर जात चालली होती. धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती, त्यामुळे कुठल्याच काचेने हे भागणार नाही हे तिला इतरांच्या आधी कळलं. समोर माणूस आहे एवढं आत्याला दिसे, कोण आहे ते आवाजावरून. एक दिवस आत्या म्हणाली, “मला तो कोट आणून दे गं. बघायला नको. हातात पाहिजे.”

म्हणून धाकटी आली होती.

“कोट नाही म्हणायचं,” ऍडमिरल म्हणाला. “वस्तू म्हणायचं. आणि आधी हे घाला.” त्याने पांढऱ्या हातमोज्यांची जोडी पुढे केली. घरात शिरणाऱ्या प्रत्येकाला तो हातमोजे घालायला लावी. बायको बिचारी चहा घेऊन आली तीही हातमोज्यांत.

खोलीच्या खिडक्या बंद, पडदे जाड, एसी असा सोडलेला की प्रेत ठेवलंय की काय वाटावं. मधोमध एक बिनडोक्याचा पुतळा आणि त्याच्या अंगावर कोट. गर्द निळा, बाहीवर सोनेरी पट्ट्या, पट्ट्यांच्या वर पंखांचा बिल्ला. शेजारी काचेखाली पदकं. धाकटीने नकळत हात पुढे केला, आणि हातातला मोजा दिसताच मागे घेतला.

ऍडमिरल मात्र सुरू झाला होता. काकाच्या विमानाचं इंजिन कोणत्या कारखान्यातलं, त्या दिवशी वारा कोणत्या दिशेने होता, शेवटचा संदेश कोणत्या जहाजाने ऐकला, सगळं तोंडपाठ. अभ्यास होता, नाही असं नाही. पण असं बोलत होता की काका याच्याच पोटी जन्माला आला असावा. “माझा पायलट,” म्हणायचा. “माझ्या पायलटला डाव्या बाजूने उतरायची सवय होती.”

“कुत्र्यांना फार घाबरायचा काका,” धाकटी म्हणाली. “आत्या सांगते. आळीत कुत्रं दिसलं की तिच्या मागे लपायचा.”

“त्याचा वस्तूशी काही संबंध नाही,” ऍडमिरल म्हणाला.

मग त्याने पुतळ्यावरच्या कोटाचा उजवा खिसा दोन बोटांनी उलगडला. आतल्या कापडावर काळ्या दोऱ्याचे वेडेवाकडे टाके होते. यावर म्हणे त्याने मोठा लेख लिहिला होता. युद्धाच्या धामधुमीत, लाटांवर हेलकावणाऱ्या जहाजात, नौदलाच्या शिंप्याने घातलेले टाके! तिरके का, तर जहाज तिरकं होत होतं म्हणून. त्या तिरकेपणावरून त्याने समुद्र किती खवळलेला असेल याचाही अंदाज बांधला होता. धाकटीने हातमोज्याआड जांभई दाबली.

“एका दिवसासाठी द्याल का?” तिने शेवटी विचारलं. “आत्याला नुसता हातात घ्यायचाय. संध्याकाळी परत आणते.”

“तुमच्या घरात? दमट हवेत? उघड्या हातांत?” ऍडमिरलने असं तोंड केलं की तिने कोट भाजी चिरायला मागितला असावा. “वस्तू आता इतिहासाची आहे. पण आत्याबाईंना इथे आणा. मला त्यांची साक्ष हवीच आहे.”

साक्ष हे या संग्राहक मंडळींचं मोठं खूळ होतं. घरच्या माणसाने वस्तू हातात धरून, ‘ही त्याचीच,’ असं कॅमेऱ्यासमोर म्हटल्याशिवाय मोठ्या प्रदर्शनवाल्यांच्या लेखी ती खरी ठरत नसे. आत्याने तेवढं म्हटलं की कोट दूरच्या एका मोठ्या शहरात जायचा होता, कायमचा, जाड काचेच्या आत. शेजारी ऍडमिरलचा फोटो.

“आणि समजा, वस्तू खरी नसली तर?” धाकटीने आपलं खोचून विचारलं.

“नकली वस्तू माझ्या छताखाली क्षणभर राहत नाही!” त्याची छाती फुगली. मागे टोपीवाल्याने, म्हणजे टोप्या जमवणाऱ्या त्याच्याच मित्राने, वाढदिवसाला दिलेली टोपी नकली निघाली. ती त्याने सगळ्यांदेखत मागच्या दाराच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली होती. हे तो असं सांगत होता, जणू लढाई मारली.

घरी येऊन धाकटीने आत्याला सगळं सांगितलं. इंजिन, वारा, प्रेताचा एसी, कचऱ्यातली टोपी. लेखाचं मात्र राहिलं, कारण तोवर ती रडकुंडीला आली होती. “काचेत जाणार गं आत्या तो. तुला हातमोजे घालून पाच मिनिटं मिळतील. नको जाऊया.”

“जाऊया की,” आत्या म्हणाली. “त्या टोपीवाल्यालाही बोलवायला सांग. माणसं असली की बरं वाटतं.”

साक्षीच्या दिवशी खोलीत टोपीवाला होता आणि बटणवाला होता. बटणवाला फक्त बटणं जमवत असे, आणि ऍडमिरल जे बोलेल त्याला मान डोलवत असे. टोपीवाला कोपऱ्यात हाताची घडी घालून बसला होता. त्याचं तोंड पाहूनच कळत होतं की टोपी अजून गळ्याखाली उतरलेली नाही. आत्याला खुर्चीत बसवलं, हातांत मोजे चढवले, बटणवाल्याने मोबाईल रोखून धरला. ऍडमिरलने नवीन कपडे केले होते. म्हाताऱ्या बाईला धड दिसत नाही हे त्याच्या लक्षातही आलं नाही, कारण त्याने तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. तो कॅमेऱ्याकडे पाहत होता.

पुतळा जवळ आणला. आत्याने बाही चाचपली, कॉलर चाचपली, आणि मग शांतपणे उजव्या हातातला मोजा काढून मांडीवर ठेवला.

“हातमोजा!” ऍडमिरल किंचाळला. “आजी, हातमोजा!”

“हो, काढलाय,” आत्या म्हणाली आणि उघडा हात तिने सरळ खिशात घातला.

“ठीक आहे, ठीक आहे, खिसा दाखवा,” ऍडमिरलने कॅमेऱ्याकडे वळून सूर बदलला. “इथेच ते प्रसिद्ध टाके आहेत. खवळलेल्या समुद्रात नौदलाच्या कसबी शिंप्याने…”

आत्याचा हात खिशात थांबला. तिचा चेहरा असा झाला की आता ही रडणार, असं धाकटीला वाटलं. तिची बोटं आतल्या आत फिरत राहिली. ऍडमिरलला वाटलं साक्ष रंगतेय.

“सांगा आजी, हा कोट कोणाचा?”

“मला काय माहीत?” आत्या म्हणाली. “माझ्या भावाचा नाही.”

बटणवाल्याच्या हातातला मोबाईल खाली आला.

“नीट बघा,” ऍडमिरल म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता.

“अहो, त्याचा कोट मी रोज ब्रशाने झाडायचे. मला कळणार नाही? हा दुसऱ्याच कोणाचा तरी आहे.”

“तरी मी म्हणतच होतो,” कोपऱ्यातून टोपीवाला म्हणाला. त्याने आयुष्यात असलं काही म्हटलं नव्हतं. पण त्याच्या तोंडावर असं तेज आलं होतं की दिवाच लावला असावा.

आणि मग जे झालं ते पाहून धाकटीला हसावं की थुंकावं कळेना. ऍडमिरल म्हणाला, “खरं सांगायचं तर मला पहिल्यापासून शंका होती.” घ्या! बटणं फार चकचकीत आहेत म्हणाला. बटणवाल्याने लगेच मान डोलवली. गेली कित्येक वर्षं तो याच बटणांपुढे हात जोडत होता. अस्तर नंतरचं वाटतं म्हणाला. आणि टाके? छे, हे कुठलं नौदल! हे कोण्या अडाण्याचे टाके, जहाजावर असले टाके घातले असते तर शिंप्याला समुद्रात ढकललं असतं. ज्या टाक्यांवर लेख लिहिला त्यांच्यावरच थुंकायला त्याला एवढासाही वेळ लागला नाही. लाज म्हणून काही असते ती या लोकांनी कुठल्या कपाटात ठेवलेली असते देव जाणे.

“मग नियम काय आहे आपला?” टोपीवाल्याने गोड आवाजात विचारलं. “माझ्या टोपीला तर क्षणभर थारा मिळाला नव्हता.”

ऍडमिरल लालबुंद झाला. त्याने पुतळ्यावरून कोट ओरबाडला. हातमोजे काढून ठेवलेले, घामेजल्या उघड्या हातांनी, कॉलरला धरून, मेलेल्या उंदरासारखा. निघाला मागच्या दाराकडे.

“फेकताच आहात तर इकडे द्या,” आत्या म्हणाली. “केव्हाची थंडी वाजतेय मला इथे.”

“घ्या! पायपुसणं करा त्याचं!” त्याने कोट तिच्या मांडीवर टाकला. मग जरा भानावर येऊन काचेकडे बोट दाखवलं. “पदकं मात्र खरी आहेत हां. काठावर नाव कोरलंय.”

“ठेवा तुम्हाला,” आत्या उठत म्हणाली. “ती तो गेल्यावर आली. त्याने कधी बघितलीसुद्धा नाहीत.”

धाकटीने तिला कोट घालून दिला. खांदे फार खाली येत होते, बाह्यांत हात दिसेनात. आत्या त्या तिघांच्या मधून अशी चालत गेली की टोपीवाला नकळत उठून उभा राहिला.

टॅक्सीत बसेपर्यंत धाकटीने कळ काढली आणि मग तिचा बांध फुटला. “एवढं करून परका कोट घेऊन चाललोय आपण! काकाचा कुठे गेला मग? दादाने काय दिलं त्याला?”

“वेडी का गं तू?” आत्या म्हणाली. तिने धाकटीचा हात धरून खिशात घातला. “लागले टाके? माझे आहेत ते. चांगली जमिनीवर मांडी घालून घातलेत. त्या गाढवाला सांगू नकोस, नाहीतर त्यावर लेख लिहील.”

धाकटीने खिशातला हात काढला नाही.

“सुट्टी संपली, निघायला उशीर झालेला, आणि खिसा फाटलेला. म्हणाला, घाल गं चार टाके. मला कुठे येत होतं शिवणं? बघून इतका हसला मेला. म्हणाला, परत येईन तेव्हा हे उसवून तुझ्याकडूनच पुन्हा घालून घेणार, तोवर नीट शिकून ठेव.” आत्याने कोट अंगाभोवती ओढून घेतला. “मी शिकले गं. केव्हाच शिकले.”

टॅक्सीवाल्याने विचारलं कुठून वळू, ते धाकटीने दुसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं.

“घरी गेलं की काळा दोरा काढ,” आत्या म्हणाली. “आणि तेवढी सुई ओवून दे मला.”