पट्टी हिरवी हवी

अंबाडीची लाल फुलं, वाळवलेली, पिशवीत.

पंपाचा वॉशर गेला की औषध पाठीवर गळतं.

पिवळं सलाईन.

२००५ साल. बोंडअळी मरत नव्हती, म्हणून सगळे दुप्पट डोस मारत होते.

गझाला, वय चौदा, गुडघ्यात हाडाचा कॅन्सर.

तिचा बाप मुख्तार मारेगावात फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. नागपूरच्या दवाखान्यात मुलीच्या खाटेशी उभा राहून तो डॉक्टरांचं ऐकत होता. आधीच्या दोन फेऱ्या वेगळ्या औषधांच्या होत्या. हे पिवळं औषध मोठ्या डोसाचं. भराभर वाढणारी प्रत्येक पेशी ते मारतं: गाठीची, तशीच केसांची, तोंडातल्या सालीची, हाडात रक्त बनवणारीही. दुसऱ्या दिवसापासून उतारा, म्हणजे चांगल्या पेशी वाचतील. उरलेलं औषध मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचं. लघवी आंबट झाली तर ते तिथंच खड्यांसारखं गोठतं. म्हणून सोड्याचं सलाईन, भरपूर पाणी, आणि प्रत्येक लघवीत कागदाची पट्टी बुडवायची. हिरवी हवी. लिंबू, संत्रं, मोसंबी बंद.

मुख्तारला सगळं समजलं. डोस, विष, उतारा. धंद्यातलंच.

"म्हंजे माह्यावर फवारणीच केली ना, अब्बा?" गझाला म्हणाली. "पाहा मंग, अळी मेली का."

दुसऱ्या दिवशी उलट्या. तोंड सोललेलं, पाणीही जाईना. फवारणीहून गरगरत दुकानात आलेल्या माणसाला मुख्तार अंबाडीचं आंबट सरबत पाजायचा. त्यानं विष लघवीवाटे निघतं, असं तो मानायचा. बंद केलेल्यांत अंबाडी नव्हती. गझालानं तीन पेले घेतले. सरबत तेवढं पोटात राहिलं.

पट्टी नारिंगी.

पिवळं औषधच पट्टीवर उतरलं, निघालं विष, असं त्याला वाटलं. त्यानं चौथा पेला दिला.

साठ खाटांना दोन नर्स.

लघवी कमी. मग बंद. औषध रक्तातच फिरत राहिलं. उतारा वाढवला, पुरला नाही. पांढऱ्या पेशी संपल्या, ताप चढला, हिरड्यांतून रक्त. नवव्या दिवशी ती गेली.

काय दिलं होतं, असं डॉक्टरांनी विचारल्यावर मुख्तारनं पिशवी पुढं केली. डॉक्टर म्हणाले, अंबाडीचं आम्ही सांगायला हवं होतं.

"पट्टी तर मले दिसत होती, साहेब," मुख्तार म्हणाला. "मी खुश झालो."

या डोसाआधी काढलेल्या एक्स-रेत गाठ निम्मी झाली होती.